‘आते काय घासू?’ : म्हाताऱ्या माणसांना तोंडाची निगा शिकवताना

जानेवारी ते मार्च २०२५ या काळात जळगाव जिल्ह्यात पारोळा तालुक्यातल्या एका गावात साठीपुढच्या लोकांसाठी तोंडाच्या आरोग्याचे आठ वर्ग झाले. चालवणारे तिघं: एक दंतवैद्य, एक निवृत्त आरोग्यसेविका आणि गावातल्या आशाताई. असलं काही करायचं मनात आलं की पहिला प्रश्न पडतो तो सुरुवात कुठून करायची. आम्हालाही पडला होता. म्हणून जे जसं झालं तसं, तारखांसकट आणि खर्चासकट, लिहून ठेवतोय.

पहिलं पत्र ३ डिसेंबरला दिलं. विधानसभेची आचारसंहिता नुकतीच उठली होती. तीन प्रती काढल्या. एक ग्रामपंचायतीला, एक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. ग्रामपंचायतीने त्याच दिवशी आवक क्रमांक टाकून शिक्का दिला. बाकी दोन ठिकाणी नऊ दिवस काहीच हललं नाही. १२ तारखेला विचारायला गेलो तेव्हा कळलं की कागद एका टेबलावर अडकलाय, आणि अडकलाय तो एका शब्दाला. विषयाच्या ओळीत आम्ही ‘दंत तपासणी व मार्गदर्शन शिबिर’ लिहिलं होतं. शिबिर म्हटलं की समोरच्याला औषधवाटप, दात काढणं, सुया, रक्ताचा कापूस हे सगळं दिसायला लागतं. मग जैव-वैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट कोण लावणार, काही बरं-वाईट झालं तर जबाबदार कोण, हे प्रश्न येतात. ते चुकीचेही नाहीत.

पत्र पुन्हा लिहिलं. विषय: ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी मौखिक आरोग्य शिक्षण वर्ग’. खाली ठळक ओळ घातली: ‘या वर्गांत कोणतेही उपचार, औषधवाटप अथवा दात काढणे होणार नाही. कोणाच्याही तोंडात हात घालून तपासणी केली जाणार नाही.’ आणि कार्यालयाकडून काय हवंय तेही दोन ओळींत स्पष्ट लिहिलं: आशाताईंची उपस्थिती आणि ग्रामीण रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक कोणत्या वारी बसतात ती माहिती. २४ डिसेंबरला सही मिळाली. तीन आठवडे गेले त्यातले दोन त्या एका शब्दाने खाल्ले. पोच घेतलेली प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून शेवटपर्यंत सोबत ठेवा. वर्गाच्या दिवशी हमखास कोणीतरी येऊन ‘परवानगी आहे का?’ विचारतं.

दिवस निवडताना बाजाराचा वार टाळला. जानेवारीच का? कपाशीची वेचणी आवरलेली असते, हरभरा अजून उभा असतो, आणि एप्रिल लागला की आपल्याकडचं ऊन म्हाताऱ्या माणसाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. मंगळवार ठरला.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आशाताईंच्या यादीवरून घरोघरी फिरून ३१ नावं नोंदवली. १९ बाया, १२ पुरुष, वयं ६० ते ८४. पहिल्या चार-पाच घरांत ‘तुमचे दात किती आहेत?’ असं विचारलं. ही चूक. माणूस लाजतो, अंदाजाने सांगतो, नाहीतर तोंडावर पदर घेतो. मग प्रश्न बदलला: ‘भाकर कशी खाता?’ यावर खरी उत्तरं आली. कोणी वरणात मोडून, कोणी दुधात भिजवून, कोणी नुसतं मऊ पोटच खाऊन कडा गुरांना टाकतं. एका घरात आजीबाईंची सुपारी नातू खलबत्त्यात कुटून देत होता. कुठल्या बाजूने चावता, गार पाणी झोंबतं का, कवळी केली पण खोक्यात पडून आहे का, हे सगळं त्या एका प्रश्नाच्या मागोमाग आपोआप निघतं. नोंदीचा कागद एकच पान ठेवला: दात आहेत, कवळी आहे की काहीच नाही, चालू औषधं, तंबाखू, मिसरी, विडी, सुपारी, आणि घरात त्यांचं करणारं माणूस कोण. शेवटचा रकाना आम्ही जवळजवळ विसरलो होतो. पुढे तोच सगळ्यात उपयोगी पडला.

खर्च असा झाला. मोठ्या चित्रांचे फ्लेक्स तक्ते १,१४० रुपये. मऊ ब्रश ४० नग, ठोकात १८ रुपयांनी ७२०. कवळीसाठी झाकणाचे डबे १५, साडेचारशे. प्लास्टिकची दोन घमेली २६०. दोन टॉर्च ३००. हातात धरायचे १२ आरसे ५४०. चहा आठ वेळचा मिळून १,४४०. आशाताईंना प्रत्येक वर्गामागे २०० प्रमाणे १,६००. एकूण ६,४५०. आशाताईंचा वेळ फुकटचा धरू नका. त्यांच्या डोक्यावर आधीच किती रजिस्टरं असतात ते एकदा बसून पाहावं. शिकवायला लागणारी जुनी कवळी एका दंत-प्रयोगशाळेने टाकाऊतली दिली, तिला पैसे पडले नाहीत. तक्त्यावरची अक्षरं दहा फुटांवरून वाचता येतील एवढी मोठी आणि एका तक्त्यावर एकच चित्र. आमचे पहिले दोन तक्ते गर्दीमुळे वाया गेले.

७ जानेवारीला पहिला वर्ग, समाजमंदिरात. २६ जण आले. पत्र्याखाली आवाज घुमतो, त्यात माइक लावला तर शिट्टी वाजते आणि ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना शब्दांचा नुसता गोंगाट ऐकू येतो. अर्ध्या तासात सगळे उठवून मारुतीच्या पारावर निंबाखाली नेले. माइक बंद. बोलणारा उजेडाकडे तोंड करून बसला, कारण कमी ऐकणारी माणसं ओठ बघतात. दुसरी गोष्ट त्याच दिवशी लक्षात आली: पुरुषांसमोर बाया तोंड उघडत नाहीत, आणि गावातला जावई बसलेला असेल तर विचारूच नका. पुढच्या वेळेपासून पुरुषांचा वर्ग सकाळी साडेदहाला, बायांचा दुपारी अडीचला, जेवणं आवरल्यावर. दोन्हीकडे बारा-पंधरा माणसं. याहून जास्त झाली की शिकवणं थांबतं आणि भाषण सुरू होतं.

पहिल्या वर्गाचा विषय मुद्दाम वेगळा ठेवला होता: ज्यांना एकही दात नाही त्यांनी काय करायचं. कारण नोंदणीच्या वेळी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य होतं, ‘दातच राहिनात नही, आते काय घासू?’ (अहिराणीत: दातच राहिले नाहीत, आता काय घासू?) बोळकं झालं की निगा संपली, असा बहुतेकांचा समज. यावर व्याख्यान दिलं नाही. प्रत्येकाला जुन्या धोतराच्या सुती कापडाचा वीतभर तुकडा दिला, पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला. तर्जनीला गुंडाळायचा. आधी खालची हिरडी, मागून पुढे, बाहेरून आणि आतून. मग वरची. मग गालफडाच्या आतला खळगा, जिथे भाकरीचा भुगा साठतो. मग टाळू. शेवटी जीभ, मागून पुढे तीन-चार वेळा, पण फार मागे जायचं नाही, उमासे येतात. कापड उलगडून बघायचं. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी ते डोळ्यांजवळ नेलं. पांढऱ्या कापडावर पिवळट चिकट थर, त्यात बाजरीचे दोन कण आणि कडेला मिसरीची काळी रेघ. त्यांनी ते शेजारणीला दाखवलं आणि म्हणाल्या, ‘आते समजनं.’ दिवसातून दोनदा, त्यातलं एक झोपण्याआधी, कापड रोज साबणाने धुऊन उन्हात वाळवलेलं. त्या दिवशी एवढंच शिकवलं.

पुढचा मंगळवार १४ तारखेचा, म्हणजे संक्रांत. हे आम्ही कॅलेंडर न बघताच ठरवलं होतं. १५ ला कर (किंक्रांत), म्हणून वर्ग १६ ला घेतला. सणाचा एक फायदा झाला. तिळाच्या कडक वडीने दोघांच्या दाढेचा तुकडा उडाला होता, त्यामुळे दातवाल्यांच्या वर्गाला विषय आयताच मिळाला.

इथे घासण्याच्या सवयींबद्दल बोलावं लागलं. राखुंडी, मीठ, कोळशाची पूड, विटेची भुकटी, निंबाची नाहीतर बाभळीची काडी, मिसरी. यातल्या कशालाच हसायचं नाही हे आधी आपसात ठरवून घेतलं होतं. भुकट्यांचं दुखणं एकच: खरखरीतपणा. वयाबरोबर हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, आणि मुळावर वरच्यासारखं कडक कवच नसतं. तिथे भुकटी आडवी घासली की इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पडते. गार पाणी झोंबतं ते त्या खाचेत, आणि म्हातारपणी कीड लागते तीही बरेचदा तिथेच, हिरडीच्या काठाला. काडी वापरायची तर ताजी, चांगली चावून कुंचल्यासारखी मऊ केलेली, आणि हिरडी खरवडायची नाही. बरोबरीने एकदा तरी ब्रश.

ब्रश मऊ. पेस्ट हरभऱ्याच्या दाण्याएवढी. खोक्यावर ‘फ्लोराइड’ (कीड रोखणारं द्रव्य) हा शब्द आणि ते किती आहे हे सांगणारा पीपीएमचा आकडा शोधायचा, हजाराच्या आसपास असावा. नुसतं ‘आयुर्वेदिक’ किंवा ‘मिठाची’ लिहिलेल्या बऱ्याच पेस्टांमध्ये फ्लोराइड नसतं. ब्रशचे केस हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरपे टेकवून जागच्या जागी हलकेच हलवायचे, करवतीसारखे ओढायचे नाहीत. एक आरती सावकाश म्हणून होते तेवढा वेळ. नंतर थुंकायचं, पण तांब्याभर पाण्याने चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. ही शेवटची गोष्ट कोणाला पटली नाही. ‘तोंडात फेस ठेवायचा का?’ असा रास्त प्रश्न आला. एक छोटी चूळ, यावर तडजोड झाली.

ज्यांची बोटं संधिवाताने आखडलीत किंवा अर्धांगाने एक हात गेलाय त्यांच्यासाठी ब्रशचा दांडा जाड करावा लागतो. आम्ही सायकलच्या हँडलची रबरी मूठ वापरली, दुकानात जोडी ३० रुपयांना मिळाली. ब्रशच्या दांड्याला चिंधी गुंडाळून तो मुठीत दाबून बसवायचा. चिंधी सैल राहिली तर ब्रश मुठीतल्या मुठीत फिरतो आणि माणूस वैतागून सोडून देतो. आमचे पहिले तीन असेच परत आले. चिंधी ओली राहून वास मारते, म्हणून आठवड्याने बदलायची. एका आबांनी स्वतःहून जुन्या रबरी चेंडूला भोक पाडून त्यात ब्रश घुसवून आणला. तो मुठीपेक्षा चांगला निघाला.

२१ जानेवारीला कवळी. नऊ जणांकडे कवळ्या होत्या, त्यातल्या तीन खोक्यात. चारचौघांत कवळी काढणं म्हणजे लुगडं फेडण्यासारखं वाटतं, म्हणून कोणाला काढायला सांगितलं नाही. आडोशाला एक पडदा बांधला आणि दाखवायला आमची कवळी घेतली. तिला दोन दिवस आधीपासून पिठलं आणि दही चोपडून ठेवलं होतं. वरवर पाण्याने धुतली, दिसायला स्वच्छ. मग अर्ध्या वाटी पाण्यात चिमूटभर खाण्याचा लाल रंग घालून त्यात ती मिनिटभर बुडवली आणि साध्या पाण्यातून काढली. जिथे थर होता तिथे रंग धरून बसला. आतली, म्हणजे टाळूला चिकटणारी बाजू जवळजवळ पूर्ण गुलाबी. सगळे बाहेरून घासतात, आतून कोणी नाही. टाळू लाल होऊन चुरचुरतो तो या आतल्या थरातल्या बुरशीने, आणि रात्रंदिवस कवळी घालून ठेवली की तिला फावतं.

मग घासून दाखवताना कवळी साबणाने निसटली आणि शहाबादी फरशीवर पडून मधोमध दोन तुकडे झाले. घमेलं अजून पिशवीतच होतं. सगळ्या वर्गाने त्यावर खूप मजा केली, पण घमेल्यात निम्मं पाणी भरून त्यावरच कवळी धुवायची हे पुढे कोणाला सांगावं लागलं नाही. पाणी नसेल तर खाली दुमडलेला टॉवेल.

बाकीचं असं. कवळीला टूथपेस्ट नको, तिने प्लास्टिकवर बारीक ओरखडे येतात आणि त्यात घाण आणखी धरते. हात धुण्याचा साधा साबण आणि वेगळा मऊ ब्रश. उकळतं पाणी कधीही नाही, कवळी वाकडी होते आणि मग ती कोणालाच सरळ करता येत नाही. रात्री काढून साध्या गार पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात. कोरडी ठेवली तरी आकार बिघडतो. रुमालात किंवा उशाखाली ठेवली तर कुत्रं नेतं, हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही. सकाळी पाणी फेकताना कवळीही फेकली जाते, म्हणून डबा उघडा ग्लास नसावा. डब्यावर नाव घाला. आमच्या सगळ्या डब्यांचा रंग एकच होता, आणि एका घरात आबांनी माईंची कवळी दोन दिवस घालायचा प्रयत्न केला. टोचायला लागली म्हणून घरी कानशीने घासणं, तुटली म्हणून झटपट गोंदाने चिकटवणं, दोन्ही आम्हाला याच गावात बघायला मिळालं. घरी घासलेली कवळी बसतच नाही, आणि गोंदाने सांधे किंचित सरकलेले जोडले गेले की दुरुस्तीही होत नाही. दोन्ही तुकडे डब्यात घालून दवाखान्यात न्यायचे. सैल झालेली कवळी म्हणजे बहुतेक वेळा हिरडीखालचं हाड झिजलेलं असतं. आतून नवा थर भरून ती पुन्हा बसवता येते. नवी करायलाच हवी असं नाही, हे विचारून घ्या.

२८ तारखेला औषधं. प्रत्येकाला घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितलं होतं. कोरडं तोंड ही म्हातारपणाची गोष्ट म्हणून माणसं सोडून देतात, पण बरेचदा ती गोळ्यांची असते. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या, झोपेच्या, मनाच्या आजारावरच्या, लघवी आवरण्याच्या. ओळखायची खूण इथल्या भाषेत सोपी आहे: पाण्याचा घोट घेतल्याशिवाय दादर ज्वारीच्या भाकरीचा कोरडा घास गिळता येतो का? येत नसेल तर लाळ कमी आहे. लाळ कमी म्हणजे कीड जास्त, कवळी टिकत नाही, जीभ भाजते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. डॉक्टरांना सांगायचं, कधी वेळ बदलतात, कधी गोळी. तोवर गडू जवळ ठेवून घोट घोट पाणी, ओठांना व्हॅसलीन, आणि तोंड ओलं ठेवायला गोळ्या-पेपरमिंट चघळणं बंद, कारण ती साखर उघड्या मुळांवर बसते. रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडांच्या ठिसूळपणाच्या गोळ्या चालू असतील तर दात काढायच्या आधी दंतवैद्याला चिठ्ठी दाखवायची. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून थांबवून दात काढायला जाणारे लोक भेटतात. तसं करू नका.

४ फेब्रुवारीला गावात हरिनाम सप्ताह होता, वर्ग रद्द. तेही आधी विचारायला हवं होतं.

११ फेब्रुवारीचा वर्ग तंबाखूचा, आणि तो सगळ्यात कमी जमला. १९ पैकी ११ बाया मिसरी लावत होत्या, काही दिवसातून चार-पाच वेळा. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे सांगून काही होत नाही, त्यांना ते माहीत असतं. घरीच तव्यावर भाजतात. खरी अडचण वेगळी. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’, आणि सोडली की सकाळी डोकं धरतं. दोन्ही खरं आहे, निकोटिनचं आहे. म्हणून एकदम सोडा म्हणण्याऐवजी रात्रीची वेळ आधी बंद, मग दुपारची, सकाळची सगळ्यात शेवटी. पोटासाठी उठल्याबरोबर कोमट पाणी. आणि १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक. क्रमांक लावून द्यायला घरातला तरुण माणूस लागतो.

त्याच वर्गात आरसे वाटले आणि टॉर्चच्या उजेडात प्रत्येकाने स्वतःचं तोंड स्वतः बघितलं. ओठ उलटून आत, दोन्ही गाल, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा, जीभ वर करून खाली, टाळू, शेवटी मान चाचपून गाठ आहे का. तंबाखू जिथे धरतात ती जागा दोनदा. पांढरा किंवा लाल चट्टा, कडक झालेली जागा, दोन आठवड्यांत न भरलेला फोड, मग तो दुखत नसला तरी दाखवायचा. न दुखणाऱ्या फोडाचीच जास्त काळजी करायची, हे दोनदा सांगावं लागतं. आणि तीन बोटांची खूण: आपली तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये जात नसतील तर तोंड आखडतंय.

दोघांना चट्टे दिसले. दोघांनाही चिठ्ठी देऊन ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. पहिली खेप फुकट गेली. त्या दिवशी दंतवैद्यांची नेमणूक दुसरीकडे होती आणि कळवलेला वार जुना होता. येणं-जाणं, केसपेपर आणि एक दिवसाची मजुरी गेली. निघायच्या आधी सकाळी फोन करा, वार माहीत असला तरी. दुसऱ्या खेपेला एकाचा चट्टा तुटक्या दाढेच्या धारेने पडलेला निघाला. धार घासल्यावर दहा-बारा दिवसांत जखम भरली. दुसऱ्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी तुकडा काढून तपासायला सांगितलं. अहवालाला तीन आठवडे लागले. कॅन्सर नव्हता, पण चट्टा नजरेखाली ठेवायला सांगितलाय. ते तीन आठवडे त्या घराला फार जड गेले. कागद पाठवताना ‘अहवाल कधी आणि कोणाकडून घ्यायचा’ हे लिहून द्यायचं आम्ही विसरलो होतो.

१८ फेब्रुवारीला कवळी करून घ्यायची असेल तर काय काय होतं हे सांगितलं. दात काढल्यावर हिरडी भरायला साधारण दीड-दोन महिने थांबतात. मग चार-पाच खेपा: पहिलं माप, दुसरं नेमकं माप, वरचा-खालचा जबडा मिटण्याची उंची, मेणातली कवळी लावून बघणं, आणि तयार कवळी. मेणाच्या वेळेला घरातलं माणूस सोबत न्या. दात मोठे-छोटे, पिवळे-पांढरे हे तेव्हाच बदलता येतं, नंतर नाही. नवी कवळी टोचतेच. दाखवायला जायच्या आधी काढून ठेवू नका, काही तास घालून जा, म्हणजे टोचलेली जागा लाल दिसते आणि नेमकी तिथे घासता येते. पहिले आठ दिवस खिचडी, वरणात कुस्करलेली भाकर. दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं. पुढच्या दातांनी तोडायचं नाही, कवळी मागून उचलते. खालची कवळी वरच्यापेक्षा सैल वाटणारच, तिला टेकायला जागा कमी आणि मध्ये जीभ.

पैशांचं विचारलं जाणारच. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतल्या साहित्यात कवळी आहे. ६० वर्षांवरच्या, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना वेगळी, तिच्यात ६५ वर्षांवरच्यांना एकरकमी ३,००० रुपये खात्यात येतात. गावात दोन्हींची सरमिसळ झालेली असते आणि लोक एकीचे कागद दुसरीला जोडतात. आधार, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड आणि बँक पासबुकची झेरॉक्स असा एक संच प्रत्येकाच्या घरी करून ठेवला, पुढे कोणत्याही कामाला चालतो.

२५ फेब्रुवारीचा वर्ग म्हाताऱ्यांचा नव्हताच, त्यांच्या सुना-लेकींचा होता. नोंदीतला तो शेवटचा रकाना इथे कामी आला. तीन माणसं खाटेवर पडून होती. संध्याकाळी सातला, अंथरुणाला खिळलेल्या एका माईंच्या घरीच वर्ग घेतला. पाठीला उशा लावून अर्धवट बसवायचं, ते जमत नसेल तर कुशीवर वळवून. उताणं ठेवून पाणी घालायचं नाही, ते श्वासनळीत उतरलं की छातीत कफ आणि न्यूमोनिया. गालाखाली टॉवेल. ब्रश नुसता ओला, पेस्ट पुसट लावलेली. फेस कापडाने टिपून घ्यायचा. आपलं बोट दातांमध्ये घालायचं नाही, कडकन चावतात. दुसऱ्या ब्रशचा दांडा कापडात गुंडाळून एका बाजूच्या दाढांमध्ये धरायचा. ज्यांचा विसराळूपणा वाढलाय त्यांच्या हातात आधी ब्रश द्यायचा आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवून सुरुवात करून द्यायची. बरेचदा हाताला आठवतं. नाही म्हणाले तर भांडायचं नाही, तासाभराने पुन्हा. एका सुनेने विचारलं, ‘रोज दोनदा कुठून करू?’ दिवसातून एकदा, पण रात्रीचं, असं सांगितलं. दोनदाचा हट्ट धरला असता तर एकदाही झालं नसतं.

४ मार्चला शेवटचा वर्ग. काही शिकवलं नाही. प्रत्येकाने करून दाखवलं. विचारलं की सगळ्यांना येतं, हातात दिल्यावर कळतं. आतून घासणं निम्म्यांचं राहत होतं, ते तिथेच पुन्हा करून घेतलं.

२० मार्चला, जागतिक मौखिक आरोग्य दिनी, घरोघरी जाऊन पाहिलं. ३१ पैकी २३ जण पाच किंवा जास्त वर्गांना आले होते. कापडाने पुसणं टिकलंय, कारण त्याला पैसे लागत नाहीत. मऊ ब्रश फाटल्यावर गावातल्या दुकानात मऊ मिळतच नव्हते, दुकानदाराला सांगून एक डझन ठेवायला लावले. मिसरी एकीनेही पूर्ण सोडलेली नाही, चौघींनी रात्रीची बंद केलीय. नऊ कवळ्यांपैकी सहा रात्री डब्यात असतात. खोक्यातल्या तिनांपैकी एक आतून थर भरून आली आणि वापरात आहे.

एक्याऐंशी वर्षांच्या आजी मात्र रात्री कवळी काढायला तयार नाहीत. खूप विचारल्यावर कारण सांगितलं: ‘रातले कोनी वनं ते?’ मध्यरात्री दारात पाहुणा आला, कोणाच्या घरी काही झालं, तर बोळक्या तोंडाने कसं जायचं. मग दुपारचे तीन-चार तास ठरले. जेवून आडवं होताना काढायची, चार वाजताच्या चहाला घालायची. डबा देवळीत, पाणी भरलेला, वर नाव.